बॅग शेवटच्या आठवड्यात भरा, आधी घर लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंजवडीत सात वर्षं काम केलेल्या, बत्तीस वर्षांच्या एका मेकॅनिकल इंजिनियरला जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या कंपनीत नोकरी मिळाली आहे. ब्लू कार्डसाठी, म्हणजे तिथल्या उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यासाठी, व्हिसाचा अर्ज चालू आहे आणि निघायला साडेतीन महिने आहेत. लग्नाला दोन वर्षं झाली, बायको पाच-सहा महिन्यांनी जाणार. आईवडील सहकारनगरला राहतात, वय ६६ आणि ७१, आणि हा एकुलता एक. बाणेरचा स्वतःचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. ते लिहितात, "सामानाची यादी चौघांकडून घेतली, आता पाठ झाली. तरी काहीतरी राहतंय असं सारखं वाटतं. काय राहतंय?" आणि शेवटी एक ओळ: "आईबाबांना मुंबई विमानतळावर न्यावं की घरातूनच निरोप घ्यावा?"

गेली बावीस वर्षं मी पुण्यातून बाहेर जाणाऱ्यांची कागदपत्रं लावून देते. आधी फक्त जाणारी मुलं-मुली यायची. मग पाच-सात वर्षांनी त्यांचेच आईवडील यायला लागले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दुसऱ्या टोकाकडून देणार आहे. तुमच्या यादीत श्टुटगार्ट सगळं आलंय. सहकारनगर आलेलं नाही. राहतंय ते हेच.

आज एक चाळीस पानी वही घ्या. पुढचा महिनाभर घरातलं जे जे काम तुम्ही करता ते त्याच दिवशी तिच्यात लिहा, कितीही किरकोळ असो. महावितरणचं बिल मोबाइलवरून भरलं, इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलं, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ऑनलाइन मागवल्या, पाण्याच्या फिल्टरवाल्याला फोन केला, सोसायटीचा मेंटेनन्स, गॅसचं बुकिंग, आईच्या फोनमधले नको ते मेसेज पुसले, मिळकतकराची सवलतीची मुदत लक्षात ठेवली. माझ्याकडे येणारी माणसं सुरुवातीला म्हणतात, घरात मी काय करतो, सगळं आईच बघते. महिन्याने वही उघडली की तीस-पस्तीस कामं निघतात. त्यातली निम्मी आईबाबांना माहीतही नसतात, कारण ती न सांगता होत आली.

मग प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा: बाबा, आई, शेजारचे कुणी, मावसभाऊ, किंवा "मीच, तिकडून". या शेवटच्या रकान्यात कमीत कमी कामं ठेवा. आणि निघायच्या आधीचे पंधरा दिवस ती कामं तुम्ही करायचीच नाहीत. घरात असा, पण हात लावू नका. बाबांना बिल भरू द्या, चुकू द्या, दोनदा भरलं गेलं तर गेलं. तुम्ही शेजारच्या खोलीत असताना झालेली चूक पाच मिनिटांत सुटते. तीच चूक तुम्ही तिकडे मीटिंगमध्ये असताना झाली की दोन्हीकडे दिवसभर जीव टांगणीला लागतो. ही रंगीत तालीम मी प्रत्येकाला करायला सांगते. जे करतात, त्यांच्या आईवडिलांचे मला नंतर फोन येत नाहीत.

वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान मोबाइल नंबरांचं. कोणत्या खात्याला, पॉलिसीला, आधारला, पेन्शनला, गॅसला कुणाचा नंबर जोडला आहे ते एकेक करून तपासा. हे मी माझ्या घरच्या अनुभवावरून सांगते. माझी मुलगी २०१६ साली नेदरलँडला गेली. आमची मेडिक्लेम तिनेच काढली होती, ऑनलाइन, त्यामुळे नोंदलेला नंबर तिचा. तिकडे गेल्यावर वर्षभरात रिचार्ज राहिला आणि तो नंबर बंद पडला. दोन वर्षांनी माझे यजमान बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. रात्री अकरा वाजता मी हॉस्पिटलच्या खिडकीपाशी उभी. काउंटरवरचा मुलगा सौजन्याने म्हणाला, "काकू, पॉलिसीचं कार्ड ॲपवर आहे ना, दाखवा." ॲप उघडायला ओटीपी हवा आणि ओटीपी जाणार बंद नंबरावर. मुलगी फोनवर, मी फोनवर, ती रडायला आलेली. शेवटी अनामत रक्कम कार्डावरून भरली आणि कागद दुसऱ्या दिवशी जमवले. पैशाचं काही नुकसान झालं नाही. पण त्या रात्री यजमानांपाशी बसायचं सोडून मी तासभर फोनशी झगडत होते, ते मी विसरलेले नाही.

तेव्हा आईबाबांच्या प्रत्येक गोष्टीला आईबाबांचाच नंबर जोडा. तुमच्या स्वतःच्या बँकेला, आधारला आणि पॅनला जोडलेला भारतीय नंबर मात्र सांभाळा. ते सिम परदेशात चालेल असं करून घ्या, दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवा, रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. पॉलिसीचं कार्ड कागदावर छापून दोन प्रती करा. एक फ्रिजवर चुंबकाने लावा, एक बाबांच्या पाकिटात.

फ्रिजवर आणखी एक कागद असू द्या: दोघांची औषधं, मात्रा, कशाची ॲलर्जी, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन, जवळच्या दोन माणसांचे फोन आणि १०८. महाराष्ट्रात १०८ ही रुग्णवाहिका सरकारी आणि मोफत आहे, हे सहकारनगरातल्या कित्येक घरांत ठाऊक नसतं. बाबा ७१ वर्षांचे आहेत, म्हणजे आयुष्मान भारतच्या वय वंदना कार्डाला पात्र आहेत. सत्तरीच्या पुढच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात मिळतं. तुमची मेडिक्लेम आहेच, तरी कार्ड काढून ठेवा आणि घराजवळची कोणती रुग्णालयं त्यात येतात ते आत्ता बघा. बाबांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला मोबाइलवरून चेहरा दाखवून कसा द्यायचा ते त्यांच्याकडून एकदा करवून घ्या.

आता पैशांचं. पगारी नोकरीसाठी देश सोडलात की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता आणि साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यावं लागतं. भाडं, व्याज, डिव्हिडंड असं भारतात मिळणारं उत्पन्न त्यात येतं. तिकडची कमाई इकडे पाठवायची तर एनआरई खातं. त्याचं व्याज भारतात करमुक्त आणि पैसा परत नेता येतो. "कुणी विचारत नाही हो, चालू दे जुनंच" असं सांगणारे नातेवाईक तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. पुढे फ्लॅट विकायची वेळ येते तेव्हा ही जुनी खाती निस्तरायला महिने जातात, हे मी दर वर्षी बघते. म्युच्युअल फंडांचं केवायसीही बदलावं लागतं. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, वाढवता येत नाही आणि नवं उघडता येत नाही.

निघण्याच्या तारखेकडेही एकदा करासाठी बघा. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर त्या वर्षी तो करापुरता अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघणं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघणं यांत फरक पडू शकतो. तुमची तारीख त्या सुमाराला येत असेल तर तिकीट काढण्याआधी सीएला विचारा. प्रॉव्हिडंट फंड घाईने काढून टाकू नका. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि पेन्शनची पात्रता ठरवताना दोन्हीकडची वर्षं एकत्र धरता येतात. तुमची हिंजवडीतली सात वर्षं पुढे उपयोगी पडू शकतात.

बाणेरच्या फ्लॅटबद्दल. भाडेकरार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. तो स्वतः असताना करता आला तर उत्तम, पण अकरा महिन्यांनी नूतनीकरणाला तुम्ही इथे नसाल, म्हणून बाबांच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. ते ठरावीक कामांपुरतं करा: भाडेकरार, सोसायटी, महावितरण, महापालिका. "सर्व अधिकार" असं मोघम मुखत्यारपत्र मी कुणालाच सुचवत नाही, अगदी सख्ख्या बापाच्या नावेही नाही. ज्या कचेरीत ते दाखवायचं तिथले लोकसुद्धा नेमका उल्लेख मागतात. तिकडे गेल्यावर करायचं ठरलं तर भारतीय वाणिज्य दूतावासासमोर सही करून ते इथे पाठवता येतं, पण भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही तीन महिन्यांची गोष्ट लोक हमखास विसरतात. दुसरं, मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापायचा असतो आणि तो ३० टक्क्यांच्या वर जातो. भाडेकरूला हे करार करतानाच सांगा, नंतर कटकट नको. आणि पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते ती भाडेकरू ठेवल्यावर राहत नाही, तेव्हा भाड्याचा आकडा ठरवताना तो फरक धरा.

बाबांनीही तुम्हाला मुखत्यारपत्र द्यावं का, हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. मी सरळ सांगते. देणारा माणूस शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत असेल तोवरच मुखत्यारपत्र चालतं. तो गेला की तेही संपतं. ज्या प्रसंगाच्या भीतीने तुम्ही ते करायला जाता, नेमक्या त्याच प्रसंगी ते कामाचं नसतं. त्यापेक्षा आईबाबांची खाती दोघांच्या नावे, "कोणीही एक किंवा हयात" अशी आहेत का बघा. सगळीकडे नॉमिनेशन भरलंय का बघा. लॉकरमध्ये दुसरं नाव आहे का बघा. आणि दोघांची मृत्युपत्रं झाली नसतील तर हा विषय काढा. तुम्हाला तो काढायला जड जाईल. माझा अनुभव असा की आईवडील वाटच बघत असतात; मुलगा काय म्हणेल म्हणून ते गप्प असतात, आणि ते काय म्हणतील म्हणून मुलगा. रविवारी सकाळी चहाच्या वेळी काढा, निघायच्या आठवड्यात नको.

तुमच्या पत्रात बायकोबद्दल एकच ओळ आहे: "ती पाच-सहा महिन्यांनी येईल." तिची तयारी ही वेगळी आणि जास्त किचकट तयारी आहे, म्हणून तिला हे उत्तर शेजारी बसवून वाचायला द्या. पहिली गोष्ट, लग्नाची नोंदणी झाली आहे का? कार्यालयात लग्न लागलं, आल्बम आला, म्हणजे नोंदणी झाली असं नाही. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात १९९८ च्या कायद्याप्रमाणे जी नोंद होते तिच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात. दोन-तीन वर्षांनी गुरुजी शोधणं काय असतं ते मी पाहिलं आहे. एका जोडप्याचे गुरुजी गाव बदलून वाईला गेले होते. नवरा जर्मनीत, मुलगी एकटीच एसटीने वाईला जाऊन घाटावर त्यांची सही घेऊन आली. नोंद झाली नसेल तर या आठवड्यात करा. तुम्ही दोघं इथे असताना ते तुलनेने सोपं काम आहे.

दुसरी गोष्ट नावाची, आणि हा आपल्या मराठी घरांचा खास गुंता आहे. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पदवीवर पुन्हा वेगळा क्रम. पासपोर्टवर कदाचित माहेरचं, आधारवर सासरचं, आणि पॅनवर मधलं नावच नाही. इथे आपण हे सगळं "तेच हो" म्हणून चालवून घेतो. जर्मन कचेरीत टेबलामागे बसलेल्या माणसाला नाव, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही आपली रीत माहीत नसते. त्याच्या दृष्टीने ती तीन वेगळ्या बायकांची कागदपत्रं आहेत. तेव्हा पासपोर्टवरचं नाव हेच खरं धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. लग्नानंतर नाव बदलावंच असा कायदा नाही. अजून पासपोर्टवर माहेरचं नाव असेल आणि तिची पदवीही त्याच नावाची असेल, तर ते तसंच राहू द्या असा माझा स्पष्ट सल्ला आहे. घरातल्या मोठ्यांना काय वाटेल ते तुम्ही समजावा, तिच्यावर टाकू नका. नाव आधीच बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आणि लग्नाचा दाखला कायम जवळ ठेवा.

तिसरी गोष्ट भाषेची. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन येण्याची अट नाही आणि तिथे गेल्यावर नोकरी करायला पूर्ण मुभा आहे. यातल्या पहिल्या वाक्याने फार नुकसान केलं आहे. "अट नाही ना, तिकडे जाऊन शिकू" म्हणून गेलेल्या, इथे चांगल्या हुद्द्यावर असलेल्या मुली वर्ष-वर्ष घरात बसलेल्या मला माहीत आहेत. नवरा ऑफिसात इंग्रजीवर निभावतो, पण डॉक्टर, दुकान, शेजारी, पोस्टमन या सगळ्यांशी जर्मन बोलावं लागतं आणि ते तिच्या वाट्याला येतं. पुण्यात यासाठी सबब नाही. रानडे इन्स्टिट्यूट आहे, बोट क्लब रस्त्यावर मॅक्समुलर भवन आहे आणि गल्लोगल्ली खाजगी वर्ग आहेत. तिचे पाच-सहा महिने ए-वन, ए-टू या भाषेच्या पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण करण्यात गेले पाहिजेत. तुमच्यासाठीही हिशेब सोपा आहे: ब्लू कार्डवर ए-वन एवढं जर्मन असेल तर कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो, त्यांच्या पुढची बी-वन पायरी झाली असेल तर २१ महिन्यांनी.

कागदपत्रं खरी असल्याचे सरकारी शिक्के मारून घेण्याबद्दल थोडक्यात. कोणता देश कोणत्या कागदावर कोणता शिक्का मागतो हे वेगवेगळं असतं आणि बदलत राहतं, म्हणून मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाची त्या व्हिसाची यादी छापून घ्या आणि तिच्यात असेल तेवढंच करा. "सगळ्या कागदांचं करून ठेवा, लागतंच" असं सांगून एजंट दर कागदामागे पैसे घेतात. बहुतेकदा लागत नाही.

श्टुटगार्टबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलंय, म्हणून तीन-चार गोष्टीच सांगते. तिथे गेल्यावर घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाची लेखी चिठ्ठी हवी. त्या नोंदणीवर पुढचं सगळं उभं आहे. करक्रमांक तिच्यानंतरच पोस्टाने येतो, बँका बहुधा तो दाखला मागतात, आणि पुढच्या परवान्याच्या कागदांतही तो लागतो. पहिले दोन-तीन महिने सजवलेलं तात्पुरतं घर घ्याल तेव्हा "इथे आनमेल्डुंग करता येईल ना?" हे लेखी विचारून मगच पैसे द्या. "मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअर करतो" अशी जाहिरात असेल तर ती फसवणूक आहे, घर कितीही छान दिसो. कायमचं घर घेताना काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे हीटिंग-पाणी धरून भाडं, हा फरक बघा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकी असते आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक नळ, ओटासुद्धा नसतो. तोही खर्च धरा.

आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव लागलंय का ते पहिल्या दिवशी बघा. हे ऐकायला किरकोळ वाटतं. जर्मनीत अजून सगळं कागदावर, पोस्टाने येतं: करक्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विमा कंपनीचं पत्र. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. एक मुलगा दीड महिना करक्रमांकाची वाट बघत होता, पगारातून जास्त दराने कर कापला जात होता, आणि पत्र दोनदा येऊन परत गेलेलं. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. कागदाचा एक चिटोरा चिकटवला आणि काम झालं.

श्टुटगार्टच्या भागात केअरवोखे नावाची पद्धत आहे. दारावर पाटी अडकवली की त्या आठवड्यात जिना आणि समोरची वाट झाडणं तुमच्याकडे. आपल्याकडे सोसायटीचा जिना झाडायला मावशी येतात, त्यामुळे पहिल्यांदा ती पाटी दिसली की काही जणांना अपमान वाटतो. अपमान नाही. झाडून घ्या, शेजारी दुसऱ्या दिवसापासून नमस्कार करायला लागतील.

खाण्याचं सामान आईने बांधायला सुरुवात केली असेलच. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, चटण्या, बाकरवडी न्या. पण युरोपीय संघाच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि पेढे दोन्ही बाद. ताजा कढीपत्ताही रोपांच्या रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानात नाकारतात, तेव्हा खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत नकोत. हे आईला आत्ताच सांगा. विमानतळावर तिच्या हातचा डबा उघडून बाजूला ठेवावा लागतो तेव्हा मुलांचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक आहे. औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव नव्हे तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. दात आणि चष्मा इथेच करून जा.

आईबाबांना पुढे तिकडे नेता येईल का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण घरात तो असणार. १ मार्च २०२४ पासून जर्मनीने कुशल कामगारांना आईवडिलांना आणता येण्याची वाट उघडली आहे. त्या तारखेनंतर ज्यांना पहिला परवाना मिळाला त्यांना ती लागू आहे, म्हणजे तुम्हालाही. पण त्यांचा राहण्याचा खर्च आणि पूर्ण आरोग्यविमा तुम्हाला दाखवावा लागतो, आणि सत्तरीच्या माणसाला असा विमा तिथे मिळणं फार अवघड, फार महाग आहे. तेव्हा "दोन वर्षांत तुम्हाला घेऊन जातो" असं त्यांना सांगू नका. त्यांनी हो म्हटलं तरी ते त्या वाक्यावर घर विकायचं की ठेवायचं, गुडघ्याचं ऑपरेशन आत्ता की नंतर, असे निर्णय मनातल्या मनात लांबवत राहतात. "दर वर्षी उन्हाळ्यात नव्वद दिवसांपर्यंत या, दिवाळीत मी येईन" हे सांगा, कारण ते तुम्ही खरं करू शकता.

फोनची वेळही ठरवून जा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. तुम्ही साडेपाचला कामावरून सुटाल तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचे नऊ आणि हिवाळ्यात दहा वाजलेले असतील. बाबा साडेनऊला झोपत असतील तर हिवाळ्यातले फोन सकाळी, तुमच्या न्याहारीच्या वेळी करा. इथे तेव्हा आईचा दुपारचा स्वयंपाक चाललेला असतो आणि गप्पा छान होतात. डिसेंबरात तिथे साडेचारला अंधार पडतो. ते पहिले दोन महिने तुम्ही एकटे असाल तर कठीण जातात, आणि त्या काळात "सगळं मस्त आहे" असं रोज सांगू नका. आईला आवाजावरून कळतंच, मग ती विचारत नाही आणि तुम्ही सांगत नाही, असं सुरू होतं.

आता विमानतळाचं. त्यांनाच विचारा, आणि जे म्हणतील ते करा. "कशाला त्रास, रात्रीची वेळ" असं तुम्ही परस्पर ठरवू नका. यायचं म्हणाले तर एक लक्षात घ्या: टर्मिनलच्या दारापाशीच निरोप घ्यावा लागतो, आत त्यांना सोडत नाहीत. तुम्ही तपासणीच्या रांगेत कामात असता. ते मात्र मध्यरात्री, रिकाम्या गाडीत, द्रुतगती मार्गाने परत येत असतात. त्या परतीच्या प्रवासात त्यांच्यासोबत कोण असेल ते आधी ठरवा, ड्रायव्हर सोडून कुणीतरी घरचं. पार्ल्याला किंवा ठाण्याला नातेवाईक असतील तर रात्री तिथे झोपून सकाळी निघू दे. आत गेल्यावर सामान दिलं, शिक्का झाला की लगेच एक फोन करा, आणि विमानात बसल्यावर पुन्हा एक. ते जागे असतात. आणि सहकारनगरला शेजारच्या घरी सांगून ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध त्यांनी घ्यावं आणि अकराच्या सुमाराला चहाला यावं.